भाषणं ऐकायला टीम कशाला?

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात आयटीत आहे. मध्यंतरी तो मोठ्या प्रमाणावरच्या ‘अ‍ॅजाइल’ कामाविषयीच्या परिषदेला युरोपात जाऊन आला. सांगत होता, तिथं प्रत्येकाला एका टीममध्ये बसवतात. भाषणं ऐकायला टीम कशाला लागते?
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : वर्णनावरून ही ‘लेस’ परिषद वाटते. लेस म्हणजे ‘लार्ज-स्केल स्क्रम’चं लघुरूप, आणि इंग्रजीत ‘कमी’ही. क्रेग लार्मन आणि बास वोड्डे या दोघांनी २००५ पासून मोठमोठ्या कंपन्यांत काम करताना ही पद्धत घडवली. पहिली परिषद २०१६ साली अ‍ॅमस्टरडॅमला भरली.

टीमचं कोडं उलगडायला आधी मूळ दुखणं पाहू. स्क्रम ही ‘अ‍ॅजाइल’ कामाची, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत बनवत जाण्याची, एक पद्धत; ती जेमतेम दहा माणसांच्या टीमसाठी आहे. पण मोठं सॉफ्टवेअर दहा जणांत होत नाही. आणि माणसं वाढवली की आपसातलं बोलणं त्याहून वेगानं वाढतं : आठ माणसांत बोलण्याच्या जोड्या २८. अशा आठ टीम, म्हणजे ६४ माणसं घेतली, तर जोड्या होतात २०१६. (तुम्ही शिक्षिका, गुणाकार करून पाहालच. परिषदेच्या सालाशी आकडा जुळला हा निव्वळ योगायोग.) मग बहुतेक कंपन्या काय करतात? मध्ये समन्वयक नेमतात, त्यांच्यावर आणखी एक समन्वयक.

आपली पंगत आठवा. एक वाढपी भात घेऊन फिरतो, दुसरा वरण, तिसरा तूप. वरणवाला अडकला की पानातला भात गार. सॉफ्टवेअरमध्येही एक टीम फक्त डेटाबेस, दुसरी फक्त पडद्यावरचं रूप अशी वाटणी असली, की हेच होतं. यावर आणखी एक मुकादम नेमण्याऐवजी लेस म्हणते, प्रत्येक टीमनं एकेक ओळ भातापासून ताकापर्यंत पूर्ण वाढावी. आठ टीमपर्यंत कामांची यादी एकच, आणि त्या यादीचा क्रम ठरवणारा माणूसही एकच. मला यातलं सगळ्यात अवघड वाटतं ते मधले मुकादम कमी करणं. कारण परिषदेला पाठवायचं की नाही, यावर सही बहुधा त्यांचीच असते.

आता तुमचा टीमचा प्रश्न. परिषदेत एका वेळी अनेक सत्रं चालतात, एकट्याला सगळी ऐकता येत नाहीत. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांतले लोक एका टेबलावर टीम म्हणून बसतात, सत्रांसाठी पांगतात आणि परत येऊन ऐकलेलं एकमेकांना सांगतात. ऐकणं सोपं, पण अर्ध्या तासापूर्वी ओळख झालेल्या माणसाला ते समजेल असं सांगायचं म्हटलं की आपल्याला किती कळलं ते उघडं पडतं. वर्गात मुलांना उभं करून ‘आता तू समजावून सांग’ म्हणताना तुम्ही हेच करत असाल. अर्थात, ‘सत्र छान झालं’ एवढ्यावर उरकणारा एखादा प्रत्येक टेबलावर निघणारच.

मुलगा घरी आला की त्यानं स्वतः न ऐकलेल्या एखाद्या सत्राबद्दल विचारा. पाच मिनिटं बोलू शकला, तर टेबलावर टीम जमली होती. नुसते फोटो दाखवले, तर अ‍ॅमस्टरडॅम असो की आणखी कुठलं शहर, ते तरी नीट बघून आला का ते विचारा.