एकाच दिशेनं जाणारी बस

ऋता: मावशी, आम्ही बॉस्टनजवळ वेलस्लीत घर बघतोय. शाळेच्या माहितीत ‘मेटको’ असं सारखं येतं. हे काय प्रकरण आहे?

मावशी: बॉस्टन शहरातल्या मुलांना रोज बसनं उपनगरांतल्या शाळांत नेणारी योजना. 1966 साली 220 मुलं आणि सात गावं घेऊन सुरू झाली. वेलस्ली त्या सातांतलंच. आता तीसहून जास्त गावं आहेत, मुलं तीन हजारांच्या आसपास. बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो.

ऋता: म्हणजे आपल्याकडच्या आरटीई कायद्यातल्या 25 टक्के राखीव जागांसारखं?

मावशी: वरवर तसं. पण तिथं जागा ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. इथं गाव आपणहून सामील होतं, किती मुलं घ्यायची तेही गावच ठरवतं आणि पैसे मुख्यतः राज्य सरकार देतं. त्यामुळे उपकाराचा एक सूर लागतो, तो मला कधी आवडला नाही. ही योजना उभी करण्यात कृष्णवर्णीय पालक पुढे होते. रूथ बॅटसन या बाई बॉस्टनच्या शाळा समितीशी वर्षानुवर्षं भांडल्या. समिती ऐकेना, तेव्हा 1965 मध्ये एलन जॅक्सन आणि रॉक्सबरी या बॉस्टनमधल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या इतर आयांनी स्वतः वर्गणी काढून बस ठरवल्या आणि शहरातल्याच ज्या शाळांत बाकं रिकामी होती तिथं मुलं नेऊन बसवली. मेटको त्याच चळवळीतून आलं.

ऋता: पण ही उपनगरं मुळात इतकी गोरी कशी? कायद्यानं तर कुणालाच बंदी नाही.

मावशी: आज नाही. पण 1934 पासून सरकार गृहकर्जाला हमी द्यायला लागलं, आणि सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्यांना धोक्याचा लाल रंग दिलेला असे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची लाट आली ती या नियमांवरच. गोऱ्या कुटुंबांना स्वस्त कर्ज मिळून बाहेर घर झालं, कृष्णवर्णीय कुटुंबं बहुतेक शहरातच अडकली. 1968 मध्ये घरांच्या व्यवहारातल्या भेदभावाला कायद्यानं बंदी आली. तोवर गावांनी आपले नियम करून ठेवले होते: मोठ्या प्लॉटवर एकच घर, फ्लॅटच्या इमारती जवळजवळ नाहीतच. मग ‘नको’ म्हणायची गरज उरली नाही, ते काम किमतीनं केलं. वर शाळेत प्रवेश पत्त्यावरून आणि शाळेचा बराचसा खर्च घरपट्टीतून. तू घर बघताना शाळेचं मानांकन आधी उघडलंस ना?

ऋता: उघडलं. सगळेच उघडतात.

मावशी: उघड की. मीही तेच केलं असतं. फक्त ते घराच्या किमतीत धरलेलं असतं, एवढं लक्षात ठेव.

ऋता: कोर्टानं काही केलं नाही?

मावशी: वंशावरून शाळा वेगळ्या ठेवता येणार नाहीत, हे 1954 मध्येच ठरलं होतं. पण 1974 चं वर्ष बघ. जूनमध्ये न्यायाधीश गॅरिटींनी बॉस्टनमध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय शाळांत मुलांची अदलाबदल करायचा हुकूम दिला. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं डेट्रॉइटच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय त्यांना यात ओढता येणार नाही. मग काय, रॉक्सबरीची गरीब मुलं साउथ बॉस्टनच्या गरीब गोऱ्या मुलांच्या शाळेत गेली, बसवर दगड पडले, आणि श्रीमंत गावं ते टीव्हीवर बघत राहिली. उपनगरांपुरतं जे झालं ते मेटकोसारखं, राजीखुशीनं.

ऋता: आणि याचा उपयोग होतो? शाळेचा दर्जा घसरत असेल, अशी धास्ती असणारच लोकांना.

मावशी: असते. जोशुआ अँग्रिस्ट आणि केव्हिन लँग यांनी मेटकोतल्याच ब्रुकलाइन गावाच्या शाळांतले गुण तपासून 2004 मध्ये लिहिलं, की तिथल्या मूळ मुलांवर जवळजवळ परिणाम होत नाही. या अँग्रिस्टना पुढे 2021 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बसनं येणाऱ्यांचं म्हणशील, तर टफ्ट्स विद्यापीठाच्या एलिझाबेथ सेट्रेन यांनी प्रवेश मिळालेले आणि न मिळालेले अर्जदार ताडून पाहिले. मिळालेल्यांचे गुण चांगले, कॉलेजात जाणारेही जास्त.

ऋता: मग प्रश्न मिटला की.

मावशी: प्रवेशाचा मिटला. आत आल्यावरचा वेगळा आहे. मेटकोची दहावीतली मुलगी अंधारात उठते आणि पाऊण-एक तास बसमध्ये काढते. शाळा सुटल्यावर नाटकाची तालीम असते, पण उशिराची बस ठरावीक दिवशीच. वाढदिवस शनिवारी, गाडीशिवाय पोचता येत नाही अशा घरी. गुलामगिरीचा धडा आला की सगळा वर्ग हिच्याकडे वळून बघतो, शिक्षकसुद्धा. मग जेवणाच्या सुट्टीत या मुली एका टेबलाशी बसतात आणि लोक म्हणतात, बघा, यांनाच मिसळायला नको! बेव्हर्ली टेटम यांनी 1997 मध्ये या टेबलावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की या वयात ‘मी कोण’ हे उलगडायला स्वतःसारखी माणसं लागतात. मला तर ते टेबल त्या दिवसातली एकमेव विश्रांती वाटतं. गोरी मुलंही गोऱ्यांच्याच टेबलाशी बसतात, ते मात्र कुणाला खुपत नाही.

ऋता: इतकं सोसून या मुलांना मोठेपणी काय वाटतं?

मावशी: सुझन ईटन यांनी मेटकोतून गेलेल्या 65 जणांच्या मुलाखती घेतल्या. एकटेपण आणि अपमान बहुतेकांनी सांगितले, आणि पुन्हा जाल का म्हटल्यावर बहुतेक जण ‘हो’ म्हणाले. त्या ‘हो’चा शाळांनी फार आनंद मानू नये. दुसरा पर्याय कोणता होता, तेही बघावं लागतं.

ऋता: आमची सई तिथं गेली तर तीही वेगळीच दिसेल ना?

मावशी: दिसेल, नावाचे हालही होतील. पण ती त्याच गावात राहणार, गणिताच्या वरच्या तुकडीत असेल असं शाळा आधीच धरून चालणार. माहितीपत्रकातल्या विविधतेच्या टक्क्यात सई आणि रॉक्सबरीची मुलगी एकत्र मोजल्या जातील, वर्गात कदाचित भेटणारही नाहीत. म्हणून शाळा बघायला गेलीस की टक्का विचारू नकोस. वरच्या तुकड्यांत मेटकोची किती मुलं आहेत, उशिराची बस कोणत्या दिवशी असते, कृष्णवर्णीय शिक्षक किती, एवढं विचार.

ऋता: मी नवखी. व्हिसावर आलेली, मतही नाही. माझं कोण ऐकणार?

मावशी: मेटकोच्या आईलाही तिथं मत नाही. ती बॉस्टनची मतदार, या गावाची शाळा समिती ती निवडू शकत नाही. समितीची बैठक संध्याकाळी भरते, आणि तिला तिथं यायचं तर कामावरून सुटून सगळं शहर ओलांडावं लागतं. तू चालत जाशील. बोलायची वेळ सुरुवातीलाच असते, म्हणून लवकर जा आणि नाव नोंदव.