भाड्याच्या खोल्या : कोणता खर्च अंगी लागतो?



उसाचे बिल हाती आले, की आपल्यापैकी बऱ्याच जणांचे लक्ष तालुक्याच्या गावी बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांकडे जाते. खर्च जरूर करावा. पण कोणता खर्च भाडे वाढवतो आणि कोणता नुसता डोळ्याला दिसतो, हे आधी ठरवावे.

आमचीच चूक सांगतो. दोन खोल्यांत ८० हजारांची नवी फरशी घातली. भाडे वाढले महिना ३०० रुपये, म्हणजे वर्षाला ३,६००. पैसे वसूल व्हायला २२ वर्षे! त्यात पावसाळ्यात स्लॅब गळू लागला. भाडेकरू म्हणाला, "तात्या, फरशी झ्याक हाय, पण अंथरूण कुठं टाकू?" तो गेला. ४ हजार भाड्याच्या खोल्या तीन महिने रिकाम्या. १२ हजार बुडाले. फरशीची तीन वर्षांची कमाई त्यातच गेली.

मग शहाणे झालो. आधी स्लॅब दुरुस्त केला. नंतर ६० हजार घालून आतच संडास-न्हाणी काढली. भाडे हजाराने वाढले. हा खर्च पाच वर्षांत फिटतो.

हिशेब सोपा आहे. एकूण खर्चाला वर्षाच्या वाढीव भाड्याने भागा; जे उत्तर येईल तितक्या वर्षांत पैसा परत. भाडे किती वाढेल हे मनाने धरू नका. त्याच गल्लीत तशा खोलीला काय मिळते ते विचारा. गल्लीच्या दरापेक्षा फार जास्त कोणी देत नाही.

खर्चाचा क्रम असा ठेवा :

१) गळती व ओल थांबवणे.
२) संडास-न्हाणी आणि पाण्याची टाकी.
३) चांगले वायरिंग, अर्थिंग व स्वतंत्र मीटर.
४) रंगरंगोटी.
५) शोभेचे काम सर्वांत शेवटी.

पहिल्या कामाने भाडे वाढणार नाही, पण आहे ते टिकेल. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणे ही मालकाचीच जबाबदारी आहे. करार लेखी करून नोंदवणे हेही त्याच्याकडेच. आयकरात घरभाड्यावर, भरलेली घरपट्टी वजा जाता, सरसकट ३० टक्के सूट मिळते. दुरुस्तीला जास्त खर्च केला म्हणून ती वाढत नाही.

म्हणून गवंडी बोलावण्याआधी भाडेकरूला विचारा, "बाबा, तुला अडचण कशाची?" आम्ही ते विचारले असते, तर ८० हजार वाचले असते.