एकाच चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या दोन तऱ्हा कशा?

प्रश्न : माझं माहेर नाशिकचं, सासर डहाणूकडचं. दोन्हीकडचे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचेच. माहेरी तान्ह्या बाळाला कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा देतात. सासरचे म्हणतात, मूल जाणतं झाल्यावर, तेही पाण्यात बुडवूनच. चर्च एक, मग रीती दोन कशा?

उत्तर : तुमची दोन घरं मुळात दोन पंथांची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र आले आणि हे चर्च उभं राहिलं. बोलणी १९२९ पासून चालली होती! नाशिककडे अँग्लिकन मिशनचं काम जुनं, म्हणून माहेरी बालबाप्तिस्मा. डहाणूकडे ब्रदरन मिशन. त्यांच्या रीतीत बाप्तिस्मा घेणारा पाण्यात गुडघे टेकतो आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा अशा तीन नावांनी त्याला तीनदा पुढे वाकवून बुडवतात. बालबाप्तिस्मा या लोकांना मान्यच नव्हता. घोडं इथेच अडत होतं.

तोडगा निघाला तो असा : दोन्ही रीती सारख्याच ग्राह्य. एका घरचं बाळ बाप्तिस्मा घेईल आणि मोठेपणी दृढीकरणाच्या वेळी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करील. दुसऱ्या घरचं बाळ प्रार्थनेने देवाला समर्पित होईल आणि जाणतेपणी बाप्तिस्मा घेईल. शेवटी दोघंही सारखेच पूर्ण सभासद. बाप्तिस्मा मात्र आयुष्यात एकदाच. लहानपणी झालेला असताना मोठेपणी पुन्हा बुडवून घ्यायचा हट्ट कोणी धरला, तर पाळकाची खरी पंचाईत होते.

बिशपच्या बाबतीतही अशीच देवाणघेवाण झाली. नगरकडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांना बिशप ठाऊकच नव्हता, प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाही. त्यांनी बिशप स्वीकारला, तर अँग्लिकनांनी सिनडमध्ये, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेत, सामान्य सभासदांसोबत बसून निर्णय घ्यायचं मान्य केलं. माझ्या मते यातलं अवघड काम अँग्लिकनांच्या वाट्याला आलं. हातातला अधिकार वाटून घेणं कोणालाच सोपं जात नाही.

सगळेच काही राजी झाले नाहीत. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट बोलणीत होते, पण ऐनवेळी बाहेर पडले. म्हणून मुंबई-पुण्यात मेथडिस्ट चर्चची पाटी आजही वेगळी दिसते.