पंखातला पीळ

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर मी उमेदवारी केली, तेव्हा लाकडी रोहिणीचे दिवस होते. आपल्याच नागरी विमान वाहतूक खात्यात आखलेलं हे ग्लायडर १९६१ साली पहिल्यांदा उडालं. शिकणारा आणि शिकवणारा त्यात शेजारीशेजारी बसायचे. तिच्या पंखाचं प्लायवूड बदलताना जे हाताला लागलं, त्यावर पुढे माझं पोटपाणी चाललं. निवृत्तीनंतर थोरल्या मुलीकडे जर्मनीत जाणं-येणं सुरू झालं. तिकडे हिवाळ्यात ग्लायडिंग बंद असतं आणि क्लबाच्या सभासदांनी वर्कशॉपमध्ये ठरावीक तास राबायचं असतं. माझं जर्मन जेमतेम, पण रंध्याखालची ढलपी पातळ निघते आहे हे पाहिल्यावर मला कुणी काही विचारलं नाही.

तिथेच होर्टेन बंधूंच्या ग्लायडरचा नाद लागला. वाल्टर आणि राइमार हे बॉनचे दोन भाऊ. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीच्या इंजिनवाल्या उड्डाणाला वेसण घातली होती, त्यामुळे सगळा तरुण देश ग्लायडिंगच्या मागे लागलेला. या दोघांनी विशी गाठण्याआधीच, १९३३ साली, नुसत्या पंखाचं ग्लायडर उडवलं. धड नाही, शेपूट नाही, मागचं उभं सुकाणूही नाही.

आता मी पळसदेवलाच असतो. उजनी धरणाच्या काठाला या ग्लायडरची मॉडेल करतो आणि उडवतो. बारामतीकडून शिकाऊ वैमानिकांची विमानं डोक्यावरून जातात, त्यातलं एखादं पोरगं सुट्टीच्या दिवशी बघायला येतं. इंजिनिअरिंगची मुलं येतात. सगळे तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

१. रंधा उचलण्याआधी पीळ मोजा

सुतारकामात फळीला पीळ आला की फळी बाद. ग्लायडरच्या पंखात मात्र पीळ मुद्दाम घातलेला असतो. पंखाचा बुडखा जेवढा वर बघतो, त्यापेक्षा टोक थोडं खाली बघतं. साध्या ग्लायडरमध्ये यामुळे वेग कमी झाला तरी टोकं लवकर ढासळत नाहीत. होर्टेनमध्ये तोच पीळ आणखी बरंच काही करतो. पंख मागे झुकलेले असल्यामुळे टोकं गुरुत्वमध्याच्या मागे राहतात. खाली बघणारी ती टोकंच शेपटीचं काम करतात.

राइमारने यात आणखी एक गोम ठेवली होती. पंखाची उचल त्याने घंटेच्या आकारात वाटली, म्हणजे मध्यावर भरपूर आणि टोकाकडे कमी कमी होत जवळजवळ शून्य. एरवी विमान डावीकडे कलवलं की नाक उजवीकडे ओढलं जातं आणि ते सावरायला उभं सुकाणू लागतं. या वाटणीत ती उलटी ओढ खूप कमी होते. लुडविग प्रांटल यांनी १९३३ सालीच अशा वाटणीचा फायदा गणिताने मांडला होता. अलीकडे नासाच्या आर्मस्ट्राँग केंद्रात अल बॉवर्स यांनी प्रांटल-डी नावाची बिनशेपटीची मॉडेल उडवून हा विषय पुन्हा वर काढला. पक्ष्यांना उभं सुकाणू का लागत नाही, याचं उत्तर त्यांना याच पिळात दिसलं.

आता वर्कशॉपमधली गोष्ट. ग्रुनाऊ बेबी नावाचं एक जुनं लाकडी ग्लायडर दुरुस्तीला आलं होतं. कुणाच्या तरी कोठारात त्याचा पंख बरीच वर्षं तिरका भिंतीला टेकवून ठेवलेला. मी दोन सरळ पट्ट्या घेतल्या. एक बुडख्याला आडवी बांधली, एक टोकाजवळ, आणि पंखाच्या रेषेत मागे सरून एक डोळा मिटला. दोन पट्ट्यांमध्ये जो कोन दिसतो तो पीळ. मग डिजिटल कोनमापी लावून आकडा घेतला. दुसऱ्या पंखाचं तसंच केलं. दोघांचं जमत नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण लाकडाचा पीळ ओलीने, उन्हाने आणि चुकीच्या टेकूने सहज जातो.

बेबीला शेपूट आहे, थोडंफार ती सांभाळून घेते. होर्टेनमध्ये सांभाळून घ्यायला मागे कुणीच नाही. म्हणून पुढच्या कडेचं जुनं प्लायवूड सोलण्याआधी पंख साच्यात पक्का बांधा आणि प्रत्येक बरगडीपाशी कोन लिहून घ्या. ती पुढची कड म्हणजे एक बंद नळी असते. नवं प्लायवूड चिकटून ती नळी बंद झाली की त्या क्षणी असेल तो पीळ कायमचा बसतो, मग तो बरोबर असो की नसो.

२. टिचकी मारा आणि ऐका

जुन्या ग्लायडरमध्ये लाकडापेक्षा सांध्याची भीती जास्त. आधीच्या काळात केसीनचा, म्हणजे दुधापासून केलेला सरस वापरायचे. ओल लागली की त्याला बुरशी धरते. १९३०च्या दशकात जर्मनीत कौरिट नावाचा कृत्रिम सरस आला. त्याला बुरशीचं भय नाही, पण वय झालं की तो ठिसूळ होतो, आणि सांध्यात जाड थर राहिला असेल तर तडकतो. बाहेरून दोन्ही सांधे धडधाकट दिसतात.

बोटाच्या नखाने नाहीतर छोट्या लाकडी मुठीने ठोकत जायचं. चांगल्या सांध्याचा आवाज टणक येतो, सुटलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे पातळ पातं घालून बघायचं. आत जात असेल तर पुढचं काम वाढलं. पंखाच्या खालच्या अंगाला पाणी निथळायची बारीक भोकं असतात. ती बुजली असतील तर तिथूनच तपासायला लागा, कारण पाणी साचलेलं असणार. पुण्याच्या पावसाळ्यात काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

प्लायवूडचा तुकडा बसवताना दोन्ही कडा तिरकस तासून एकावर एक बसवतात. जाडीच्या किमान दहापट लांबीचा उतार हवा. एक मिलिमीटरच्या प्लायवूडला एक सेंटिमीटरहून जास्त. ऐकायला सोपं वाटतं. तासताना शेवटच्या थराची कड कागदासारखी पातळ होते, तिथे रंधा बाजूला ठेवायचा आणि ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून हळूहळू घासायचं. सरस लावून दाबल्यावर सांध्यावरून डोळे मिटून बोट फिरवा. उंचवटा लागला नाही की झालं.

३. रंगाचंही वजन असतं

लोक प्रेमापोटी जुन्या ग्लायडरवर रंगाचे थर चढवतात. आरशासारखी चकाकी हवी असते. कापडावर डोप, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, वर आणखी लॅकर. झुकलेल्या पंखाच्या टोकांवर चढलेला प्रत्येक ग्रॅम गुरुत्वमध्याला मागे खेचतो. बिनशेपटीच्या विमानात गुरुत्वमध्याला हलायला जागाच थोडी असते. माझ्या चार मीटर पंखाच्या मॉडेलमध्ये तो काही मिलिमीटर मागे गेला तरी विमान नाक वर-खाली करत कुथायला लागतं.

काढलेलं लाकूड, गंजलेले खिळे, जुनं कापड, सगळं पिशवीत भरून तोला. नवं जे चढेल तेही तोला. मग पुढे किती शिसं लागेल ते आधीच कळतं.

४. नवं लाकूड नवं दिसलं तर बिघडत नाही

यावरून वर्कशॉपमध्ये चांगलीच जुंपायची. एका गटाचं म्हणणं असं की विमान कारखान्यातून काल बाहेर पडल्यासारखं दिसलं पाहिजे. दुसरा गट म्हणायचा, जेवढं मूळ आहे तेवढं राहू द्या, आपण घातलेला तुकडा ओळखू आला तरी चालेल. मी दुसऱ्या गटातला.

त्याचं कारण सांगतो. बेबीच्या पंखाच्या आत एका बरगडीवर पेन्सिलीने बेरीज केलेली सापडली. तीन आकडे, खाली रेघ, हातचा एक. कुणीतरी मापं जुळवताना समोर कागद नव्हता म्हणून लाकडावरच हिशेब केला होता. आमचेही हिशेब हडपसरला असेच बरगड्यांवर असायचे. ती बरगडी एका कडेला चिरली होती. नवी टाकणं सोपं आणि झटपट. आम्ही चिरलेल्या भागाला बाजूने पट्टी चिकटवली आणि बेरीज जागेवर ठेवली.

अर्थात विमान उडवायचं असेल तर तपासनीस म्हणेल तेच करायचं, तिथे भावनेला जागा नाही. संग्रहालयातलं विमान वेगळं. अमेरिकेच्या स्मिथसोनियनकडे युद्धानंतर गेलेली होर्टेन ग्लायडर १९९०च्या दशकात दुरुस्तीसाठी बर्लिनच्या संग्रहालयाकडे पाठवली गेली. त्यांत २४ मीटर पंखाचं होर्टेन सहा आहे. इतका लांब आणि इतका अरुंद पंख लाकडात कुणी केला, हे जवळून बघताना सुताराला थोडा मत्सर वाटतोच.

५. आकड्यांवर भाळू नका

होर्टेन चार बघायचं तर म्युनिकजवळच्या श्लाइसहाइमला जावं. पंख २० मीटरचा. वैमानिक त्यात बसत नाही. गुडघे टेकून, छाती पुढे टाकून, हनुवटी टेकवून पडल्यासारखा असतो. पंखाच्या बाहेर माणसाचा फुगवटा कमीत कमी यावा म्हणून ही कसरत. १९४१ पासून अशी चारच बनली. त्यांतलं एक अमेरिकेत गेलं आणि १९५२च्या राष्ट्रीय स्पर्धेत रूडी ओपिट्झ यांनी उडवलं. पुढे १९५९ मध्ये मिसिसिपीत त्याची शास्त्रशुद्ध मोजमापं झाली. तरंगत जाण्याचं गुणोत्तर बांधणाऱ्यांच्या दाव्याइतकं आलं नाही. त्या काळातल्या उत्तम शेपटीवाल्या ग्लायडरच्या पुढे ते फार गेलं असं म्हणता येत नाही.

हे सांगितलं की चाहते नाराज होतात. मला उलट हे कळल्यावर या विमानाबद्दल आदर वाढला. शेपूट टाकून दिली, सगळी जोखीम पिळावर टाकली, आणि तरी ते इतरांच्या पंगतीला बसलं.

६. पाटीवर सगळं लिहा

दुसरं महायुद्ध संपेपर्यंतची होर्टेन विमानं नाझी राजवटीत घडली. वाल्टर स्वतः लुफ्तवाफेमध्ये लढाऊ वैमानिक होता. त्याच दोघा भावांनी जेट इंजिनाचं होर्टेन नऊ केलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याच्या चाचणीत एर्विन त्सिलर हा वैमानिक मरण पावला. पंखाचं सौंदर्य सांगताना हे गाळायचं, ही सवय चाहत्यांमध्ये फार. माझ्या मॉडेलवर कुणी स्वस्तिकचिन्ह काढायला सांगितलं की मी नाही म्हणतो. विमान कुणाच्या पैशाने आणि कशासाठी बनलं, ते मात्र विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. राइमार युद्धानंतर अर्जेंटिनात गेला. तिथे त्याने आखलेल्या उरुबू नावाच्या ग्लायडरने १९५६ साली अँडीज पर्वत ओलांडला, वैमानिक हाइन्झ शाइडहाउअर. तेही सांगतो.

७. सगळंच जपलं जात नाही

होर्टेन एक हे पहिलं ग्लायडर १९३४ साली वासरकुप्पेच्या डोंगरावर बक्षीस घेऊन गेलं, आणि घरी न्यायची सोय होईना म्हणून दोघा भावांनी ते तिथेच जाळलं. आम्हा पळसदेवकरांना यात नवल नाही. आमचं जुनं गावच उजनीच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात धरण खूप उतरलं की पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं, माणसं लोटतात, फोटो काढतात. पाऊस झाला की ते पुन्हा पाण्याखाली.

८. शेवटी उडवा

कितीही वाचा, पीळ हवेतच समजतो. मे महिन्यात पाणी मागे सरलं की काठाची मोकळी जमीन उघडी पडते. कुणी गाळपेर केली असेल तर त्या शेतकऱ्याला विचारून जागा घ्यायची. एक खुंटी ठोकायची, तिला जाड रबराची दोरी आणि पुढे नायलॉनची दोरी. मॉडेल हुकाला अडकवून मागे चालत जायचं आणि सोडायचं. गोफणीसारखं ते वर फेकलं जातं. वासरकुप्पेवर माणसांसकट ग्लायडर अशाच रबराच्या दोरीने हवेत सोडायचे.

पहिल्यांदा उडवलं तेव्हा जाळी झटकत बसलेला एक मच्छीमार उठून आला.

"आवं तात्या, शेपूट ऱ्हायली काय घरी?"

"शेपूट नाहीच बाळा याला."

"मग वळतंय कसं?"

मी वर बोट केलं. दोन घारी गाळावरून घिरट्या घेत होत्या. "घारीला शेपूट आहे, पण उभी आहे का बघ."

त्याने बराच वेळ मान वर ठेवली. मग म्हणाला, "आडवीच हाय की. पन तिला शिकवलंय कुनी?"

घारी जिथे गोल फिरतात तिथे मॉडेल न्यायचं, तिथे हवा वर चढत असते. तापलेल्या काळ्या गाळावर उचल मिळते, पाण्यावर गेलं की विमान बसायला लागतं, म्हणून वळण नेहमी जमिनीच्या बाजूला घ्यायचं. वारा पश्चिमेचा असतो आणि दुपारनंतर वाढतो. सकाळी अकराच्या सुमारास उडवून जेवायला घरी यावं. हिवाळ्यात फ्लेमिंगो आणि चित्रबलाक पाण्यावर असतात, तेव्हा रबराची दोरी काढायची नाही. पर्यटकांच्या होड्यांनी पाखरांना आधीच कमी त्रास नाही. ते महिने सरस, प्लायवूड आणि कोनमापीचे. यंदा होर्टेन तीनच्या बरगड्या कापायला घेतल्या आहेत. कुणाला शिकायचं असेल त्याने स्वतःचा रंधा घेऊन यावं, माझा मिळणार नाही.