व्यसनाला व्हिसा लागत नाही

न्यू जर्सीत राहून केस पांढरे झाले. आपल्या माणसांचं पिणं, ओढणं, चघळणं जवळून पाहिलं. त्यातलं थोडंफार स्वतःही केलं. त्यातून उमगलं ते एवढंच.

१. परदेशात गेला म्हणून कुणी लगेच बिघडत नाही. अमेरिकेतले बरेच अभ्यास उलटंच सांगतात. मोठेपणी इथे आलेली माणसं इथेच जन्मलेल्यांपेक्षा सरासरीने कमी पितात, अमली पदार्थांनाही कमी शिवतात. मुक्काम लांबला की हा फरक पुसट होत जातो. हे वाचून मला आधी अभिमान वाटला, मग स्वतःचा मुक्काम आठवला.

२. तंबाखू आपण घरूनच आणतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. तरी इथे देशी दुकानात गल्ल्यामागून गुटख्याची पुडी निघताना मी पाहिली आहे. ओळखीतले एक इंजिनिअर जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसतात, तळहातावर चुना लावून तंबाखू मळतात, बार भरतात आणि कॉफीच्या रिकाम्या कपात पिंक टाकतात. डॉक्टरने 'स्मोक करता का?' विचारलं की छाती काढून 'नाही' म्हणतात. खोटं काहीच नाही! 'मी नुसती सुपारी खातो' हाही दिलासा पोकळच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे.

३. दारूपेक्षा मोकळीक जास्त चढते. गावी बाटली आणायची तर चार ओळखीचे डोळे चुकवावे लागत. इथे कोण विचारतो? शनिवारी बायका वर स्वयंपाकघरात, पुरुष खाली बेसमेंटमध्ये. सिंगल माल्टचं वय मुलांच्या मार्कांसारखं सांगायचं, त्यात मीही मागे नव्हतो. मात्र मंगळवारी रात्री एकट्याने भरलेल्या ग्लासाबद्दल कुणीच बोलत नाही. नोकरी जाण्याची धास्ती, गावाकडे थकलेले आईवडील, लांबत चाललेला हिवाळा, सगळं त्या ग्लासात असतं.

४. कायद्याची भीती व्यसन सोडवत नाही, लपवायला शिकवते. पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं, तर गुन्हा शाबीत होण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. त्यामुळे परतताना गाडी बायको चालवते, हे चांगलंच. पण त्याच धास्तीने माणूस मदत मागायलाही कचरतो. कुठे नोंद झाली तर?

५. एकाच जेवणाच्या टेबलावर दोन कायदे बसतात, हे मला उशिरा कळलं. एप्रिल २०२२पासून न्यू जर्सीत एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही दुकानात गांजा मिळतो. इथे जन्मलेल्या मुलाला त्याचं काही वाटत नाही. बाप ग्रीन कार्डवर असेल, तर केंद्रीय कायद्याच्या लेखी त्याचं नुसतं 'हो, ओढतो' म्हणणंही नागरिकत्वाच्या आड येऊ शकतं. दुकानाच्या पाटीवर हे लिहिलेलं नसतं.

६. सर्वांत जास्त झीज घरच्यांची होते आणि तीही गुपचूप होते. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य आपण सामानात न विसरता भरून आणतो. बायको डिपेंडंट व्हिसावर, माहेर सातासमुद्रापार. फोनवर आईला 'सगळं ठीक आहे' सांगण्यावाचून तिच्यापुढे काय असतं? अमेरिकेची सरकारी व्यसनमदतीची लाइन मोफत आहे, गुप्तता पाळते, पण बोलते इंग्रजी आणि स्पॅनिश. पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र मराठीत बोलतं आणि घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतं. तिथे फोन लावायला व्हिसा आड येत नाही.

तुमच्या ओळखीतही पार्ट्यांना यायचं अचानक बंद केलेलं एखादं घर असेल. त्यांना पुढच्या पार्टीचं आमंत्रण देऊ नका. एखाद्या संध्याकाळी चहाला जा, आणि दोघांशीही बोला.