वैद्यकीय लेखन आणि शब्दसंस्करण : काही व्यवहार्य सूचना

आयुर्वेदाच्या चिकित्सकास आयुष्यभर लेखन करावे लागते. रुग्णपत्रक, औषधयोजना, पथ्यापथ्याची पत्रके, परिसंवादातील निबंध, ज्येष्ठांच्या अनुभविक योगांचे संकलन ही सर्व कामे आता बहुतांशी संगणकावर होतात. तथापि आपल्यापैकी अनेक जण संगणक केवळ टंकलेखन यंत्रासारखा वापरतात. शब्दसंस्करणाच्या साधनांत, मग ते वर्ड असो वा विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस रायटर, श्रम वाचविणाऱ्या पुष्कळ सोयी आहेत. मात्र ज्या सोयीने श्रम वाचतात तिच्यानेच चूकही क्षणार्धात शंभर ठिकाणी पसरते. म्हणून प्रस्तुत लेखात सोयींबरोबर त्यांच्या मर्यादांचाही विचार केला आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी धाराशिव जिल्ह्यातील एका ज्येष्ठ वैद्यांची योगांची वही त्यांच्या अनुमतीने आम्ही टंकलिखित केली. वहीत मात्रा जुन्या मानाने होत्या : ‘गुं.’ म्हणजे गुंजा आणि ‘मा.’ म्हणजे मासा. भारतीय आयुर्वेदिक फॉर्म्युलरीने १ गुंजा म्हणजे १२५ मिलिग्रॅम, ८ गुंजांचा १ मासा म्हणजे १ ग्रॅम आणि १२ माशांचा १ कर्ष (तोळा) म्हणजे १२ ग्रॅम असे मान स्वीकारलेले आहे. नव्या वैद्यांना सोयीचे व्हावे म्हणून आम्ही ‘शोधा आणि बदला’ ही आज्ञा वापरली. ‘मा.’ च्या जागी ‘ग्रॅम’ आणि ‘गुं.’ च्या जागी ‘१२५ मि.ग्रॅ.’ असे सर्वत्र एकदम बदलून टाकले.

मुद्रणापूर्वी एका तरुण सहकाऱ्याने विचारले, “सर, हा ‘दग्रॅम’ कोणता व्याधी?” वाक्याच्या शेवटी आलेल्या ‘दमा.’ या शब्दाची ती अवस्था झाली होती. हसू आले, पण पुढच्याच पानावर हसू मावळले. मूळ वहीत त्रिभुवनकीर्तीची मात्रा ‘१गुं.’ अशी, अंक व एकक जोडून लिहिलेली होती. ती आता ‘११२५ मि.ग्रॅ.’ झाली होती, म्हणजे अभिप्रेत मात्रेच्या नऊपट. या कल्पात वत्सनाभ आहे, हे वाचकांस सांगावयास नको. ‘दग्रॅम’ कोणाच्याही नजरेस पडला असता, परंतु ‘११२५’ हा अंक दिसावयास निर्दोष होता. त्या दिवशी आम्ही संपूर्ण संकलन मूळ वहीशी ओळ न् ओळ ताडून पाहिले. पुढील सूचना त्या धड्यातून निघालेल्या आहेत.

१. प्रथम लिपी

जुन्या काळातील पुष्कळ मराठी फॉन्टांमध्ये संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच साठविली जात. फॉन्ट त्यांवर केवळ देवनागरीचे चित्र चढवीत असे. संगणक बदलला आणि तो फॉन्ट नसला की सारा मजकूर निरर्थक चिन्हांचा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी वर्णास स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीचा समावेश त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. अतः नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या फाइली रूपांतरकाने बदलून घ्याव्यात, पण नंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत, कारण रूपांतरात चुका प्रायः तेथेच होतात.

टंकनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकणे हितावह आहे. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘र’ च्या कळीवर शिफ्टसह ‘ऱ’ आणि ‘ल’ च्या कळीवर शिफ्टसह ‘ळ’ मिळतो. ‘दुसऱ्या’ मधील जोडाक्षर ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ या क्रमाने उमटते.

वर्डमध्ये देवनागरीचा फॉन्ट व आकार बदलूनही अक्षर तसेच राहते, अशी तक्रार ऐकू येते. कंट्रोल व डी दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ हा स्वतंत्र विभाग असतो. देवनागरीचा फॉन्ट व आकार तेथे निश्चित करावा. ॐ हवा असल्यास इंग्रजी अंकांत ०९५० टंकून लगेच ऑल्ट व एक्स दाबावे.

२. एका द्रव्यास एकच लेखनरूप

‘शुंठी’ व ‘शुण्ठी’ आपल्यासाठी एकच, संगणकासाठी मात्र दोन भिन्न शब्द आहेत. ‘गुळवेल’ शोधल्यास ‘गुडूची’ सापडत नाही. संकलन आरंभ करण्यापूर्वी द्रव्यनामांची यादी करून प्रत्येकाचे एक रूप ठरवावे व पर्यायनामे शेवटी स्वतंत्र सूचीत द्यावीत. असे केल्यास पाच वर्षांनी ‘कोणत्या योगांत गुडूची आहे?’ या प्रश्नाचे उत्तर कंट्रोल व एफ या दोन कळा देतील. असे न केल्यास मिळणारे उत्तर अपूर्ण असेल आणि ते अपूर्ण आहे हे कळणारही नाही.

३. शोधा आणि बदला : विवेकाने

या आज्ञेचा उत्तम दाखला आपल्याच जिल्ह्याने दिला. २०२३ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्यामुळे पत्रशीर्ष, औषधपत्रे व नमुनापत्रे यांतील पत्ता बदलणे आले. कंट्रोल व एच दाबून हे काम होते, परंतु ‘सर्व बदला’ ही कळ येथे घातक आहे. जुन्या प्रमाणपत्राचा उल्लेख, पूर्वप्रकाशित निबंधाचे शीर्षक किंवा त्या काळी दिलेल्या दाखल्याची प्रत यांतील नाव मूळचेच राहिले पाहिजे. ते बदलल्यास अभिलेख खोटा ठरतो. म्हणून ‘पुढील शोधा’ या कळीने एकेक स्थान पाहून निर्णय घ्यावा. सर्वत्र बदल करावयाचाच असेल तर आधी फाइलची प्रत वेगळ्या नावाने जतन करावी.

४. मात्रा तक्त्यात लिहाव्यात

शोधा-बदला ही आज्ञा गणित करीत नाही. ‘२ गुंजा’ चे ‘२५० मिलिग्रॅम’ करणे हे वैद्याचे काम आहे. तस्मात् मूळ मान कधीही पुसू नये. तक्त्यात कल्प, मूळ मात्रा, मेट्रिक मात्रा, अनुपान व काल असे स्तंभ करावेत. मूळ मात्रा शेजारी असली की चूक लपत नाही. अंतराची कळ पुनःपुन्हा दाबून स्तंभ जुळवू नयेत, कारण फॉन्ट बदलताच एका ओळीची मात्रा दुसऱ्या कल्पासमोर गेल्याचा भास होतो.

तक्ता अनेक पानांचा असल्यास ‘रिपीट हेडर रोज’ निवडावे, म्हणजे स्तंभांची नावे प्रत्येक पानावर येतात. तक्त्याच्या गुणधर्मांत ओळ दोन पानांत तुटू देण्याचा पर्याय असतो, तो बंद करावा. परिच्छेदात मात्रा लिहिताना अंक व एकक यांमध्ये कंट्रोल, शिफ्ट व अंतराची कळ एकत्र दाबावी, म्हणजे ‘१२५’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘मिलिग्रॅम’ पुढच्या ओळीत असे होत नाही. एकके शक्यतो पूर्ण लिहावीत.

५. संक्षेपांचा उपयोग

ऑटोकरेक्टमध्ये ‘त्रिचू’ टंकले की ‘त्रिफळा चूर्ण’ उमटेल अशी योजना करता येते. ही सोय फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग या मार्गाने सापडते. दिवसभरात तेच शब्द वारंवार लिहिणाऱ्यास ती उपकारक आहे. दोन पथ्ये मात्र पाळावीत. संक्षेप हा स्वतंत्र अर्थाचा शब्द नसावा, आणि दोन कल्पांचे संक्षेप एका अक्षराच्या फरकाचे नसावेत. ‘योगु’ व ‘मयोगु’ असे संक्षेप केल्यास एक कळ राहून गेली की महायोगराज गुग्गुळाच्या जागी योगराज गुग्गुळ छापला जाईल. पहिल्यात धातुभस्मे आहेत, दुसऱ्यात नाहीत.

६. शीर्षकशैली व अनुक्रमणिका

अध्यायाचे नाव ठळक करून मोठे करण्याऐवजी त्यास ‘हेडिंग १’ व उपशीर्षकास ‘हेडिंग २’ ही शैली द्यावी. मग रेफरन्सेस या विभागातून अनुक्रमणिका आपोआप सिद्ध होते. मजकूर वाढल्यास ‘अपडेट’ केले की पृष्ठांक सुधारतात. नवा अध्याय नव्या पानावर हवा असल्यास एंटर दाबीत बसू नये, कंट्रोल व एंटर दाबावे. पत्रशीर्ष, रुग्णपत्रक व पथ्यपत्रक एकदा तयार करून ‘टेम्प्लेट’ म्हणून जतन करावे, म्हणजे आधीच्या रुग्णाचा मजकूर चुकून पुढच्याच्या कागदावर राहत नाही.

७. तपासणी, जतन व गोपनीयता

ज्येष्ठांच्या लेखनात सुधारणा करताना रिव्ह्यू विभागातील ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवावे, म्हणजे कोणी काय बदलले ते दिसते. दोन प्रतींतील भेद ‘कम्पेअर’ या आज्ञेने कळतो. आम्ही ती त्या वेळी वापरली असती तर ‘११२५’ लगेच दिसला असता. वीज केव्हाही जाऊ शकते, हे लक्षात घेऊन आपोआप जतन होण्याचा अवधी दोन-तीन मिनिटांचा ठेवावा. महत्त्वाच्या फाइलची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर किंवा पेनड्राइव्हवर ठेवावी. मुद्रणालयास मजकूर पीडीएफ स्वरूपातही द्यावा, म्हणजे अक्षरे जशी आपल्याला दिसली तशीच तेथे दिसतात. रुग्णांची माहिती असलेल्या फाइलीस परवलीचा शब्द द्यावा आणि निबंधासाठी रुग्णवृत्त देताना नाव व गाव आधीच वगळावे.

उपसंहार

आमच्या गुरुजनांनी हाताने लिहिलेल्या वह्या वाळवी व ओल यांतून जशा वाचल्या तशा आपल्यापर्यंत आल्या. आता त्या संगणकात उतरविण्याचे काम आपल्या पिढीकडे आहे. यंत्र अक्षरे जपते, वाढविते, क्षणात बदलते. ‘मा.’ हा मासा की दम्याचा अंत्याक्षर, हे मात्र ते जाणत नाही. म्हणून टंकन पूर्ण झाल्यावर एकाने मूळ वही मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने छापील प्रतीवर बोट ठेवून ताडावे, हा जुना परिपाठ सोडू नये. ज्येष्ठ वैद्यांची ती वही आम्ही आजही संकलनाच्या शेजारीच ठेवली आहे. शंका आली की पडद्याआधी ती वहीच उघडतो.