नीटनंतरची तिसरी वाट: लसनिर्मिती

नीटचा निकाल लागला की तुमसर, साकोली, पवनीतल्या कितीतरी घरांत एकच चर्चा रंगते: पोराला ड्रॉप घेऊ द्यायचा की फार्मसीला घालायचं? बायोलॉजीची मनापासून आवड असलेल्या मुलांसाठी तिसरी वाटही आहे, विषाणूसदृश कणांपासून लस बनवण्याची.

सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पहिल्या चोवीस तासांत हिपॅटायटिस-बीची लस टोचतात. तिच्यात विषाणू नसतोच. विषाणूच्या आवरणातलं एक प्रथिन यीस्टकडून बनवून घेतात आणि त्याचे रेणू एकत्र येऊन सुमारे २२ नॅनोमीटरचे कण तयार होतात. पोचट धानात तूस असतं, तांदूळ नसतो. तसं या कणांत आवरण असतं, विषाणूचं जनुकीय द्रव्य नसतं. शरीर शत्रू ओळखायला शिकतं, रोग मात्र होत नाही.

हे काम महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर चालतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जानेवारी २०२३मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची ‘सर्व्हावॅक’ आणली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली ‘आर-२१’ ही मलेरियाची लसही सीरमच बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३मध्ये तिची शिफारस केली. तिच्यात हिपॅटायटिस-बीच्या त्याच प्रथिनाला मलेरियाच्या परजीवीच्या प्रथिनाचा तुकडा जोडलेला असतो.

अशा कारखान्यात एक जण फर्मेंटरचं तापमान, आम्लता आणि ऑक्सिजन सांभाळतो, दुसरा प्रथिन शुद्ध करतो, तिसरा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कण नीट गोल झालेत का ते पाहतो. प्रत्येक पायरीची नोंद बॅच रेकॉर्डमध्ये सहीनिशी होते.

यासाठी मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीत बी.एस्सी., नाहीतर बी.फार्म. वा बायोटेकचं बी.टेक. करता येतं. पुढे एम.एस्सी.साठी आयआयटी-जॅम, गॅट-बी या परीक्षा आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत व्हायरॉलॉजीची एम.एस्सी.ही होते.

“नुसत्या बी.एस्सी.वर काय मिळणार?” ही पालकांची शंका रास्तच आहे. पदवीवर उत्पादन किंवा गुणवत्ता तपासणीत सुरुवात होते, पण पगार बेताचा आणि रात्रपाळीही असते. संशोधनात जायचं तर एम.एस्सी. हवीच, बहुतेकदा पीएच.डी.ही. ज्या मुलाला तीच चाचणी दहादा करायचा कंटाळा येतो, त्याने इकडे वळू नये.

भंडारा असो की नागपूर, प्रवेश घेण्याआधी पालकांनी कॉलेजची प्रयोगशाळा स्वतः पाहावी आणि विचारावं: प्रात्यक्षिकं प्रत्येक विद्यार्थी आपल्या हाताने करतो का?